ब्लड कॅन्सरची गोळी सुरू करताय? पहिल्या गोळीआधीच्या या चुका टाळा

बाबांना सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया निघाला आणि डॉक्टर म्हणाले की रोज एक गोळी घ्यायची, तेव्हा आम्हाला इतकं हायसं वाटलं की पुढे काही विचारायचं सुचलंच नाही. सलाईन नाही, अॅडमिट नाही, घरच्या घरी गोळी, मग काय टेन्शन!

डॉक्टरांनी विचारलं होतं, दुसरं काही औषध चालू आहे का. बाबा म्हणाले, बीपीची एक गोळी, बस्स. रोज सकाळी उठल्या उठल्या अॅसिडिटीची गोळी घ्यायचे ते, कित्येक वर्षं, पण त्यांच्या हिशोबात ते औषध नव्हतंच. आणि सुरू होणार होतं डासाटिनिब, जे अंगात नीट शोषलं जायला पोटात अॅसिड लागतं, ते कमी करणारी गोळी रोज पोटात असेल तर कॅन्सरचं औषध घेऊनही पुरेसं लागू पडत नाही. नशिबाने फार्मासिस्टने आमच्या पिशवीतली सगळी पाकिटं टेबलावर काढायला लावली आणि पँटोप्राझोलच्या स्ट्रिपवर बोट ठेवून विचारलं, हे कोण घेतं? बाबा म्हणाले, मीच, पण ती साधी आहे हो. तिथूनच डॉक्टरांना फोन गेला.

म्हणून सांगते, तोंडी यादी सांगू नका, घरातली पाकिटंच पिशवीत भरून न्या. व्हिटॅमिन, हर्बल पावडर, काढा, झोपेची गोळी, कधीतरी घेता ती पेनकिलरसुद्धा. ब्लड कॅन्सरच्या बऱ्याच गोळ्या लिव्हरमधल्या ज्या एन्झाइमने मोडल्या जातात त्यालाच काही अँटिबायोटिक आणि फंगसची औषधं अडवतात, ग्रेपफ्रूटसुद्धा अडवतं, मग औषध रक्तात साचत जातं. डॉक्टर वेगळे असतील, दातांचे असोत नाहीतर त्वचेचे, त्यांनाही आधी सांगा. इब्रुटिनिब ही ब्लड कॅन्सरची गोळी चालू असेल तर दात काढायच्या आधी तर नक्कीच, कारण त्याने रक्तस्राव वाढतो आणि गोळी काही दिवस थांबवायची का ते कॅन्सरचे डॉक्टरच ठरवतात.

दुसरी चूक म्हणजे शेजारच्या पेशंटचं बघून घेणं. इमॅटिनिब जेवणासोबत आणि मोठा ग्लासभर पाणी पिऊन घ्यायचं, तर निलोटिनिबच्या नेहमीच्या कॅप्सूल रिकाम्या पोटी, म्हणजे आधी 2 तास आणि नंतर 1 तास काही खायचं नाही, खाल्लं तर औषध जास्त शोषलं जातं आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. दोन्ही सीएमएलचीच औषधं, नियम मात्र उलटे!

टेस्टचा कंटाळा करू नका. हिपॅटायटिस बी पूर्वी होऊन गेलेला असेल तर यातल्या काही औषधांनी तो परत उसळतो, म्हणून ती टेस्ट सुरुवातीलाच लागते. निलोटिनिबच्या आधी ईसीजी आणि पोटॅशियम, मॅग्नेशियम बघतात. व्हेनेटोक्लॅक्स असेल तर सीएलएलमध्ये, म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या दुसऱ्या ब्लड कॅन्सरमध्ये, डोस 20 मिलिग्रॅमपासून दर आठवड्याला वाढवत पाचव्या आठवड्यात 400 वर नेतात, कारण एकदम भरपूर कॅन्सरपेशी मेल्या तर त्यातला कचरा किडनीवर येतो. पहिल्या डोसच्या 2 दिवस आधीपासून रोज 6 ते 8 ग्लास पाणी प्यायला सांगतात ते याचसाठी, पण हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

लेनालिडोमाइड या ब्लड कॅन्सरच्या औषधाबद्दल लाजून गप्प बसू नका प्लीज. पोटातल्या बाळावर गंभीर परिणाम होऊ शकतो, म्हणून मूल होऊ शकणाऱ्या बाईची सुरू करायच्या आधी 2 वेळा प्रेग्नन्सी टेस्ट करतात, आणि पुरुष घेत असेल तर त्यानेही कंडोम वापरायचा असतो. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, तेव्हा आधी कधी तशी गुठळी झाली असेल तर तेही सांगा.

कॅप्सूल उघडून किंवा गोळी कुटून देऊ नका, आमच्या आईला बाबांसाठी तसं करायचं होतं. उलटी झाली म्हणून लगेच दुसरी गोळी पण नाही, आधी विचारा. आणि रात्री-अपरात्री कुठे फोन करायचा तो नंबर पहिल्या गोळीच्या आधीच घेऊन ठेवा. आमचा फ्रिजवर चिकटवलेला आहे, खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय: ताप 100.4 झाला की पॅरासिटामॉल नाही, आधी फोन.