मुलांना आकाश दाखवताय? मग या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक आधी सांगते. आकाशात जो सगळ्यात जास्त चमकतो तो ध्रुव, असं मुलांना ठोकून देणं. एका शाळेच्या मैदानावर आकाशदर्शन होतं, तिथल्या सरांनी पश्चिमेचा झगझगीत ठिपका ध्रुव म्हणून दाखवून ठेवलेला, वर ध्रुवबाळाची गोष्टही रंगवून सांगितलेली, बापाच्या मांडीवरून उठवलं, मग तप, मग अढळपद, सगळं. तासाभराने तो ठिपका झाडांमागे गेला आणि चौथीतली एक मुलगी विचारते, "अढळ आहे ना, मग मावळला कसा?" तो शुक्र होता. पोरीचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर, आणि तिला उत्तर काय मिळालं तर "ढग आला असेल". याचा मला अजून राग येतो.

ध्रुव तेजात पहिल्या चाळिसातही येत नाही. शिवाय पुण्यात तो क्षितिजापासून साधारण साडेअठरा अंशांवरच असतो, म्हणजे हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली की दोन मुठी, त्यामुळे उत्तरेला बिल्डिंग असेल तर विषयच संपला. उन्हाळ्यात सप्तर्षींच्या चौकोनातले शेपटीपासून लांबचे दोन तारे, पुलह आणि क्रतू, धरा आणि पुलह ते क्रतू ही रेघ तशीच पुढे पाचपट न्या, की ध्रुव सापडतो. डिसेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी उगवलेलेच नसतात, तेव्हा शर्मिष्ठा या तारकासमूहाचा इंग्रजी एमसारखा आकार शोधायचा.

दुसरी चूक, गोष्ट हॉलमध्ये स्लाइडवर आणि तारे नंतर बाहेर. अहो, गोष्ट हाच नकाशा आहे! मृगाचे चार पाय आधी मुलांनाच शोधू द्या, मग पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, मग विचारा बाण मारला कोणी? बाणाची रेघ खाली नेली की व्याध, वर नेली की रोहिणी, आणखी पुढे कृत्तिकांचा पुंजका. मी बोट दाखवतच नाही, मुलं एकमेकांना दाखवतात. वेळ लागतो, लागू दे. एका रात्रीत वीस नक्षत्रं उरकायची घाई असलेल्यांनी निदान मुलांना तरी त्यात ओढू नये.

आणि हो, "मृग लागला" ऐकून जूनमध्ये मृग दाखवायचा प्लॅन करू नका. तेव्हा सूर्यच मृगात असतो, नक्षत्र दिवसा डोक्यावर. जानेवारी-फेब्रुवारीत रात्री आठला बघा.

ग्रीक गोष्टी सांगा की, पण आधी आपल्या. गोंडांच्या आकाशात सप्तर्षींचा चौकोन म्हणजे म्हातारीची खाट आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे ती पळवणारे चोर, हे ऐकून मुलं जी खूश होतात!

बाकी पटापट. पौर्णिमेच्या आसपासची रात्र नको. पहिल्याच दिवशी टेलिस्कोप नको, रांगेत उभं राहून मुलं कंटाळतात. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात आणि एका मोबाईलच्या उजेडात सगळं पाण्यात जातं, म्हणून फोन पिशवीत आणि टॉर्चवर लाल जिलेटीन पेपर. अ‍ॅप घरी येऊन उघडा. हिरवा लेझर मुलांच्या हातात अजिबात द्यायचा नाही, डोळ्यात गेला तर कायमची इजा होऊ शकते. आणि तारकानकाशा डोक्यावर धरून वाचा, टेबलावर ठेवला की पूर्व-पश्चिम उलटी वाटते आणि सगळे चुकीच्या बाजूला शोधत बसतात.