कंबर मोजा, रिपोर्ट वाचा, भाकरी खा: मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका कमी कसा करावा

आमच्या ठाण्यातल्या, नौपाड्याच्या घरात सकाळी चहाच्याही आधी विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘पोट साफ झालं का?’ त्या एका प्रश्नापायी फडताळात त्रिफळा चूर्ण, इसबगोल आणि एरंडेलाची बाटली कायम हजर. बारा वर्षांपूर्वी मामाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, तेव्हा आईच्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते हे: “पण त्याचं पोट तर रोज साफ व्हायचं!”

व्हायचंच. मामा तेव्हा 48 वर्षांचा होता. दारू नाही, सिगरेट नाही. पोट मात्र शर्टाच्या बटणांवर ताण देणारं, शुगर ‘बॉर्डरवर’ आणि दिवसभर खुर्चीची नोकरी. त्याला कॅन्सर नेमका कशामुळे झाला हे कुणीच सांगू शकणार नाही. एकेकट्या माणसाबद्दल असं सांगता येतच नाही. पण त्या निमित्ताने मी जे वाचलं आणि डॉक्टरांना जे विचारलं, त्यातून कळलं की आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भलत्याच गोष्टीवर लक्ष ठेवून आहोत. बद्धकोष्ठतेने कॅन्सर होतो, असा ठाम पुरावा नाही. वाढलेला घेर, मधुमेह, बैठं आयुष्य, दारू, तंबाखू आणि प्रक्रिया केलेलं मांस यांचा या कॅन्सरशी असलेला संबंध मात्र अभ्यासांमधून पुन्हा पुन्हा दिसलेला आहे.

आधी थोडं आतलं गणित

मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. म्हणजे तिथे पेशींची विभागणी अखंड चालू असते. पोटाच्या आत, अवयवांभोवती चरबी साठली की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. मग तेवढीच साखर आवरायला स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडावं लागतं. इन्सुलिन साखर आवरतं, पण त्याचबरोबर पेशींना ‘वाढा’ असाही निरोप देतं. वर्षानुवर्षं हा निरोप वाजवीपेक्षा मोठ्या आवाजात जात राहिला, तर बिघडलेली, एरवी मरून गेली असती अशी एखादी पेशी तग धरू शकते. वर ती पोटातली चरबी नुसती पडून नसते. दाह वाढवणारी रसायनं ती रक्तात सोडत राहते. चयापचय आणि आतड्याचा कॅन्सर यांना जोडणारे हे मुख्य धागे.

एक सांगून ठेवतो, कारण आमच्याच सोसायटीत हा गोंधळ झाला होता. मधुमेहासाठी इन्सुलिनची इंजेक्शनं घेणाऱ्यांनी हे वाचून ती बंद करायची नाहीत. तो विषय सर्वस्वी तुमच्या डॉक्टरांचा.

दिलासा इतकाच की हे सगळं हळू घडतं. बहुतेक वेळा आधी आतड्यात पॉलिप, म्हणजे छोटा कोंब येतो आणि त्याचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. म्हणजे हाताशी वेळ असतो.

पायरी पहिली: टेप काढा

वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं बोलते. सकाळी, काही खाण्याआधी, शर्ट वर करून उभं राहा. शेवटची बरगडी कुठे संपते ते बोटाने चाचपा, मग कमरेचं हाड चाचपा. या दोघांच्या बरोबर मधे टेप गुंडाळा, आडवी, न आवळता. श्वास सहज सोडून झाला की आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही. इथे कुणी बघत नाही.

आपल्याकडे पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि बायकांसाठी 80 सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. पुरुषांची मर्यादा युरोपीय पुरुषांपेक्षा कमी आहे, कारण आपल्या लोकांत कमी वजनावरच पोटावर चरबी जमते आणि शुगरचे त्रास सुरू होतात.

मी बरीच वर्षं ‘माझी कंबर 34’ असं सांगत फिरत होतो. ती पॅंटची कंबर होती, आणि पॅंट मी पोटाच्या खाली घालत होतो. टेपने 97 सेंटिमीटर दाखवले, म्हणजे 38 इंच. तीनदा मोजलं. बायकोने चौथ्यांदा मोजलं तेव्हा 98 आलं.

पायरी दुसरी: ड्रॉवरमधला रिपोर्ट नीट वाचा

कंपनीच्या वार्षिक तपासणीचा कागद आपण ‘सगळं नॉर्मल ना?’ एवढं विचारून ठेवून देतो. तो बाहेर काढा आणि पाच गोष्टी बघा: कंबर वरच्या मर्यादेपेक्षा जास्त, उपाशीपोटीची साखर 100 किंवा वर, ट्रायग्लिसराइड 150 किंवा वर, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल पुरुषात 40 च्या किंवा बाईत 50 च्या खाली, आणि रक्तदाब 130/85 किंवा वर. पाचातल्या तीन गोष्टी लागू पडल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. एखादी गोष्ट गोळीने आटोक्यात असेल तर तीही मोजायची.

बारीक माणसांनी ही पायरी गाळू नये. युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात 2016 साली असं दिसलं की वजन बेताचं पण रक्तात इन्सुलिन जास्त, अशा लोकांनाही या कॅन्सरचा धोका वाढलेला होता. ‘मी किडकिडीत आहे, मला काय होतंय’ हे म्हणणं आपल्याकडे तर फारच महागात पडू शकतं.

पायरी तिसरी: ताट बदला, पण एका रात्रीत नको

चोथा, म्हणजे तंतुमय भाग, आपल्याला पचत नाही. तो मोठ्या आतड्यापर्यंत तसाच पोचतो आणि तिथले जंतू त्यावर जेवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचा पदार्थ तयार होतो, आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य अन्न तेच. चोथा ‘पोट साफ करतो’ एवढंच त्याचं काम समजणं म्हणजे घरातल्या कर्त्या माणसाला नुसता दार उघडणारा समजण्यासारखं आहे.

दिवसाला 25 ते 30 ग्रॅम चोथा पोटात जावा. ऐकायला अवघड वाटतं, पण आपल्या स्वयंपाकात ते सहज बसतं. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे 10 ग्रॅम चोथा असतो, बाजरीत थोडा जास्त, पांढऱ्या तांदळात मात्र तीनच्या आसपास. रात्री ज्वारीच्या दोन भाकऱ्या, वाटीभर मटकीची उसळ, एक पालेभाजी, दुपारच्या डब्यात पोळ्या आणि काकडी-गाजराची कोशिंबीर, संध्याकाळी एक पेरू: झालं काम. जांभळी नाक्याच्या बाजारात या यादीत न मिळणारं काही नाही.

गव्हाचं पीठ गिरणीतून आणलं की चाळायचं नाही. आमच्याकडे आई पीठ चाळून चाळणीत उरलेला कोंडा कुंड्यांना घालायची. झाडं जोमात होती. आता चाळण फक्त खडे-कचरा बघायला, आणि कोंडा परत पिठात. पोळी जरा जाडसर लागते. पंधरा दिवस कुरकुर झाली, मग सगळे विसरले. ‘ब्राउन ब्रेड’चा रंग बघून मात्र फसू नका, पाकिटामागे पहिलं नाव मैद्याचं असेल तर तो मैद्याचाच पाव.

चोथा आठवड्याला थोडा थोडा वाढवा आणि पाणीही वाढवा. मी उत्साहात पहिल्याच दिवशी दोन वाट्या उसळ आणि वर मूठभर भिजवलेले चणे खाल्ले होते. दुसऱ्या दिवशी महापेच्या ऑफिसात मीटिंगमध्ये जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दूध, दही, ताक यांचीही बाजू चांगली आहे. दुग्धजन्य पदार्थ आणि त्यातलं कॅल्शियम यांनी या कॅन्सरचा धोका कमी होतो असं दिसतं. जेवताना वाटीभर ताक खुशाल घ्या.

मिसळीचं विचारणारे ठाणेकर असणारच. मटकी उत्तम. वरचं फरसाण, तर्रीचं तेल आणि मैद्याचे दोन-तीन पाव हे मटकीचं पुण्य खाऊन टाकतात. पंधरा दिवसांतून एकदा खा आणि मन लावून खा.

पायरी चौथी: कमी काय करायचं

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2015 मध्ये सॉसेज, सलामी, हॅम, बेकन अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला ‘कॅन्सर होतो हे सिद्ध’ या गटात टाकलं. रोज 50 ग्रॅम खाण्याने आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे मूळ जो धोका असेल त्यात त्याच्याच 18 टक्क्यांची भर पडते, शंभरातल्या अठरांना होतो असा त्याचा अर्थ नाही. तरी मुलांच्या डब्यात रोज सॉसेज देण्याची सवय मोडावी. मटण याच्या खालच्या, ‘बहुधा होतो’ या गटात आहे. आठवड्याला शिजवलेलं 350 ते 500 ग्रॅम, याच्या आत राहा. रविवारच्या रश्शाला त्यात जागा आहे. बांगडा, बोंबील, कोंबडी हे लाल मांसात येत नाहीत.

दारूबद्दल ‘थोडी चालते’ हे मला पटत नाही. रोज दोन पेग घेणाऱ्यांचा धोका वाढतो हे स्पष्ट आहे, आणि जितकी कमी तितकं बरं. सिगरेटबद्दल वेगळं सांगायला नको.

मेटाबॉलिझम ‘फास्ट’ करणाऱ्या पावडरी आणि आतडं ‘डिटॉक्स’ करणारे काढे यांचे पैसे पेरूंवर खर्च करा.

पायरी पाचवी: जेवलात की उठा

जेवणानंतर रक्तात साखर चढते. त्या वेळी पाय चालले तर स्नायू ती साखर ओढून घेतात आणि इन्सुलिनवरचा भार हलका होतो. म्हणून रात्री जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं. तलावपाळीवर संध्याकाळी गर्दीत खांद्याला खांदा लागतो, चालणं कमी आणि पाणीपुरीच्या गाड्यांसमोर थांबणं जास्त होतं. त्यापेक्षा आपली गल्ली बरी. उपवन तलाव जवळ असेल तर सकाळचं चालणं तिथे.

आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चालणं, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. शिवाय दोन दिवस बैठका, जिने, डंबेल असं काहीतरी. साखर साठवायला स्नायू लागतात. ठाणे स्टेशनच्या पुलावर सरकता जिना सोडून साध्या जिन्याने चढणं हेही यातच धरा. ऐरोली-महापेच्या ऑफिसांत दर तासाला दोन मिनिटं उठून पाणी आणायला जा, बाटली मुद्दाम लहान ठेवा. अपुऱ्या झोपेनेही इन्सुलिनचं काम बिघडतं, तेव्हा रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत.

मामाला मी 2025 मधला एक अभ्यास वाचून दाखवला. कोलन म्हणजे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो झालेल्या 889 रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम करायला लावला. पाच वर्षांनी कॅन्सर न उलटलेल्यांचं प्रमाण व्यायामवाल्या गटात सुमारे 80 टक्के होतं, नुसती माहितीपत्रकं दिलेल्या गटात 74. मामा म्हणाला, “मला कुणी बारा वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर!” आणि चप्पल घालून खाली गेला.

पायरी सहावी: ‘मूळव्याध असेल’ म्हणण्याआधी

मामाने शौचातून रक्त पडतंय हे आठ महिने कुणाला सांगितलं नाही. लाज, आणि दुसरं काय! लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिरातीवरच्या नंबरवर फोन करून त्याने मूळव्याधीचं औषध आणलं होतं. तिथे त्याला कुणी तपासलंच नाही.

मूळव्याधीनेही रक्त पडतं, आणि बहुतेकांना मूळव्याधच असते. पण ते तपासून ठरवायचं, अंदाजाने नाही. शौचात रक्त, तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला बदल (अचानक जुलाब, बद्धकोष्ठता, बारीक शौच, पोट पूर्ण मोकळं न झाल्याची भावना), कारण नसताना घटलेलं वजन, आणि पुरुषात किंवा पाळी बंद झालेल्या बाईत कमी झालेलं हिमोग्लोबिन: यातलं काहीही असलं तर डॉक्टर गाठा. अशा वेळी नुसत्या लोहाच्या गोळ्या घेत बसू नका. आदल्या दिवशी बीट खाल्लं असेल तर लाल रंगाने घाबरू नका, आणि लोहाच्या गोळ्यांनी शौच काळं होतं हेही लक्षात असू द्या. वय तिशी-चाळिशीचं आहे म्हणून दुर्लक्ष नको. आपल्याकडे पन्नाशीच्या आतले रुग्ण बरेच असतात.

त्रास नसणाऱ्यांसाठी सरकारी तपासणी मोहीम आपल्याकडे तोंडाच्या, स्तनांच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची आहे, आतड्याची नाही. अमेरिकेत 45 व्या वर्षापासून तपासणी सुचवतात. आपल्याला गरज आहे का हे स्वतःच्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं. शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी साधी चाचणी असते, आणि पक्की तपासणी म्हणजे कोलोनोस्कोपी, गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघणं. तिचा खरा त्रास आदल्या रात्रीचा, पोट रिकामं करायच्या औषधाचा. तपासणीच्या वेळी गुंगी देतात. दिसलेला पॉलिप तिथल्या तिथे काढता येतो, म्हणजे कॅन्सर व्हायच्या आधीच तो संपतो. कॅन्सर निघालाच आणि दुसरं मत हवं असेल, तर टाटा मेमोरियलचं केंद्र खारघरलाही आहे. ठाण्याहून परळइतकी धावपळ नाही.

घरात कुणाला झालेला असेल तर हिशेब बदलतो. आई, वडील, भाऊ, बहीण किंवा मुलाला साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल, तर वयाच्या चाळिसाव्या वर्षी किंवा त्या नातलगाच्या निदानाच्या वयापेक्षा दहा वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा, कोलोनोस्कोपी सुरू करावी. आईने भावाच्या आजारानंतर बरीच टाळाटाळ करून केली. दोन छोटे पॉलिप निघाले, तेव्हाच काढले. मामाच्या मुलाचा हिशेब मी मांडून दिला: 48 वजा 10, म्हणजे 38. पुढच्या मार्चमध्ये त्याला अडतिसावं लागतं. “आधी कंबर कमी करतो, मग बघू,” म्हणत होता. मामीने त्याच्या मोबाइलमध्ये स्वतःच्या हाताने एप्रिलची तारीख घालून ठेवली आहे.