माटोळीला घरचं तवसं हवं तर

चतुर्थीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधतात त्या लाकडी चौकटीला, परसातलं तवसं (काकडी) बांधायचं असेल तर मृगाचे एकदोन पाऊस पडून जमीन भिजली की, जूनच्या मध्यापर्यंत, बी टाका. फळ धरायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात. आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या पावसात सपाट वाफ्यातलं बी कुजतं. म्हणून मातीत कुजलेलं शेणखत मिसळून वीतभर उंच ढीग करा, दोन ढिगांत दीडेक हात अंतर. प्रत्येकात तीन-चार बिया, बोटाच्या पेरभर खोल. चार पानं फुटली की जोमदार दोन रोपं ठेवा.

वेल मांडवावरच चढवा. पहिली फुलं झडतात, झडू द्या. ती नर असतात. मादी फुलाच्या देठाशी इवलीशी काकडी दिसते.

खरी वैरीण फळमाशी. फवारणीवर माझा भरवसा नाही. फळ अंगठ्याएवढं झालं की जुन्या मलमलीची पिशवी बांधते. किडकी फळं मांडवाखाली सोडू नका, खोल पुरा.

दुसरी लावणी नोव्हेंबरात. तेव्हा पाणी चुकलं की काकडी कडू. तवसळीसाठी, म्हणजे काकडीच्या गोड केकसाठी, मोठं, जून झालेलं फळ हवं, पण ते हंगामाच्या शेवटी राखा. नाहीतर वेल नवी फळं धरत नाही.