हेड बसवून झालं, आता किल्ली फिरवण्याआधी

मारुती ८०० चं हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड, त्याच्या आणि खालच्या ब्लॉकच्या मधलं सील) घरच्या अंगणात बदलणं अजूनही जमण्यासारखं काम आहे. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, वर व्हॉल्व्ह उघडणारा एकच कॅमशाफ्ट आणि तो फिरवायला रबरी टायमिंग बेल्ट. बॉनेट उघडलं की हात जायला जागाही असते. खरी धाकधूक नंतर होते. इंजिन सुरू होतं आणि आधी कधी न ऐकलेला आवाज कानावर पडतो. त्या घटकेला डोकं नीट चालत नाही, म्हणून आवाज शोधायची तयारी पहिला बोल्ट सैल करण्याआधीच सुरू करावी.

गाडी उघडण्यापूर्वी मोबाइलवर तिचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. थंड इंजिन सुरू करतानाचा, गरम झाल्यावर आयडलिंगचा, आणि रेस देऊन सोडतानाचा. मोबाइल दर वेळी एकाच जागी धरा. तीन सिलिंडरचं हे इंजिन २४० अंशांनी एकदा फायर करतं, त्यामुळे आयडलिंगला थोडं थरथरणं त्याच्या स्वभावातच आहे. हात काळे करून उठलेल्या माणसाचा कान मात्र भलताच संशयी झालेला असतो, आणि पुष्कळदा ‘नवा’ आवाज जुनाच निघतो.

दुसरी तयारी वहीची. कशाकशाला हात लावला ते क्रमाने लिहा: डिस्ट्रिब्युटर (प्लगना क्रमाने ठिणगीची वीज वाटणारा), टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरवरचा स्क्रू), बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारे नळ), फॅनबेल्ट, प्लग. आवाज आला की आधी ही यादी वाचायची, बेअरिंग गेलं असेल अशी शंका त्यानंतर. काल शांत असलेलं इंजिन आज वाजतंय तर बहुतेक वेळा कारण हात लागलेल्या जागीच सापडतं. बोल्ट पुठ्ठ्यावर जागेनुसार टोचून ठेवा. शेवटी एखादा वॉशर कमी भरला तर तो सापडेपर्यंत किल्लीला हात लावू नका. इनटेकच्या, म्हणजे हवा आत जाण्याच्या, भोकांत कामभर स्वच्छ चिंध्या कोंबलेल्या असाव्यात, आणि त्या किती कोंबल्या तेही वहीत हवं.

आता या सगळ्यात मी ज्याला सर्वांत जास्त वेळ देईन ते काम. तिन्ही प्लग काढा, गाडी न्यूट्रलमध्ये टाका आणि क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या खालच्या दांड्याच्या) पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन ज्या दिशेला चालतं त्याच दिशेला हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. दोनच का, तर क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा एक होतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतो. मध्ये कुठे घट्ट अडलं तर जोर लावू नका. बेल्टचे दात चुकले असतील तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो. हाताने फिरवताना तो नुसता अडतो, स्टार्टरने फिरवलं तर वाकतो. दोन फेऱ्यांनंतर टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळवून पाहा. बेल्ट कव्हरला घासतोय का, हेही याच वेळी कळतं.

टॅपेटची गॅप, म्हणजे स्क्रू आणि व्हॉल्व्हमधली फट, फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) घ्या, तीही मॅन्युअलमध्ये थंड इंजिनासाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे. लॉकनट आवळताना स्क्रू किंचित फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर गेज परत घालून बघायचाच. थोडी टिकटिक चालेल, पण गॅप कमी राहिलेली चालणार नाही. आवाज येत नाही म्हणून आपण खुशीत असतो आणि नीट न मिटणारा व्हॉल्व्ह तिकडे जळत असतो.

पहिल्या स्टार्टच्या आधी ऑइल वर चढू द्या. प्लग बाहेरच ठेवून, कार्ब्युरेटरच्या गाडीत कॉइलची मुख्य वायर काढून ती बॉडीला अर्थ करून, स्टार्टर थोडा थोडा मारा. ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. मात्र हा दिवा प्रेशर अगदीच कमी असेल तेव्हाच पेटतो. तो विझला म्हणजे प्रेशर पुरेसं आहे असं समजू नका. शंका असेल तर स्विच काढून त्या जागी गेज लावा.

जवळ ठेवायच्या वस्तू थोड्याच आहेत. लांब स्क्रू ड्रायव्हर, त्याचं टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडावर. हवेची गळती ऐकायला हातभर रबरी नळी. टायमिंग लाइट (प्लगला ठिणगी गेली की चमकणारा दिवा), आणि स्प्रेच्या बाटलीत पाणी. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी आधी काढा. गाडी मोकळ्या हवेत उभी करा. बंद गॅरेजमधला धूर जिवावर बेततो.

मग आवाज. ९०० आरपीएमला क्रँक सेकंदाला १५ फेरे मारतो, कॅमशाफ्ट साडेसात. कानाने मोजणं अशक्य, पण डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत पहिल्या प्लगच्या वायरला टायमिंग लाइट लावला तर तो दोन फेऱ्यांत एकदाच चमकतो. टकटक एका चमकेला एकदा येत असेल तर टॅपेट, रॉकर, कॅम या बाजूला बघा. एका चमकेला दोनदा येत असेल तर भानगड खाली क्रँकपाशी आहे, आणि तिथेही आधी क्रँक पुलीचा बोल्ट तपासा. थंड असताना जोरात आणि गरम झाल्यावर कमी होणारी टिकटिक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून निसटणाऱ्या धुराचीही असते. नळी कानाशी धरून जोडावर फिरवली की जागा सापडते. सैल प्लगही तसाच फसफसतो. चीं चीं होत असेल तर फॅनबेल्टवर पाणी मारा, क्षणभर आवाज बदलला तर दोष बेल्टचा. टायमिंग बेल्ट फार ताणला असेल तर आरपीएमबरोबर चढणारी सूंऽऽ ऐकू येते. चढावर खणखण होत असेल तर डिस्ट्रिब्युटर बसवताना टायमिंग पुढे गेलंय का ते पाहा. हेडला फेस मारून (खालची बाजू घासून सपाट करून) आणलं असेल तर कॉम्प्रेशनही थोडं वाढलेलं असतं.

जड, खोल ठकठक आली आणि एका सिलिंडरच्या प्लगची वायर इंजिन बंद असताना काढून, अर्थ करून, पुन्हा चालू केल्यावर ती कमी झाली, तर त्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग संशयित. टॅपेटचा आवाज असल्या चाचणीने हलत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा डबा) असलेल्या गाडीत ही चाचणी काही सेकंदांपलीकडे नको, न जळलेलं पेट्रोल त्यात जातं. रॉडचा संशय पक्का झाला, किंवा एकाच सिलिंडरमध्ये लोखंड आपटल्यासारखी खडखड आली, तर लगेच किल्ली बंद, आणि गाडी टो करूनच गॅरेजला न्या. आवाज दाबायला जाड ऑइल किंवा डब्यातलं औषध ओतणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. फोरमनला वही आणि आधी केलेली रेकॉर्डिंग द्या.

सगळं ठीक असेल तर मॅन्युअल सांगेल तेव्हा टॅपेट पुन्हा तपासायचे, आणि तुमच्या गॅस्केटला लागू असेल तर हेड बोल्टही टॉर्क रेंचने.