शेजारच्या वाफ्यात मांजराची घाण: या चुका टाळा

तुमचं मांजर शेजारच्या वाफ्यात घाण करतं अशी तक्रार आली की बहुतेक जण आधी फिनेलची बाटली शोधतात. ती आहे तिथेच राहू द्या.

मीही एकदा हेच केलं होतं. शेजारच्या काकूंना विचारून त्यांच्या वाफ्याच्या कडेने संध्याकाळी काळं फिनेल शिंपडलं. रात्री माझा बोका नेहमीप्रमाणे तिकडे गेला आणि परत येऊन पंजे चाटत बसला. पहाटे त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, पाय लटपटत होते. डॉक्टरांनी दोन दिवस सलाईनवर ठेवला तेव्हा कुठे तो सावरला. काळ्या फिनेलमध्ये फिनॉल वर्गातली द्रव्यं असतात आणि त्यांचा निचरा मांजराच्या यकृताला नीट करता येत नाही. डांबरगोळ्याही तितक्याच विषारी. मिरचीपूड टाकणाऱ्यांचा तर मला राग येतो. ती पंजांना लागते, पंजांवरून डोळ्यांत जाते.

एवढं होऊन आठवड्याभरात बोका पुन्हा त्याच वाफ्यात! पाणी घातल्यावर फिनेलचा वास गेला होता, माती मात्र होती तशीच भुसभुशीत होती. मांजराला उकरून पुरता येईल अशी कोरडी, मऊ माती हवी असते, आणि आधीच्या घाणीचा वास त्याला पुन्हा तिथेच आणतो. म्हणून तिकडची जागा गैरसोयीची करण्याआधी आपल्या अंगणात सोयीची जागा करून द्या. हा क्रम लोक हमखास उलटा करतात.

मी अंगणाच्या आडोशाच्या कोपऱ्यात दोन फूट लांब-रुंद जागा खणून वाळू आणि माती मिसळून भरली. वर काकूंच्या वाफ्यातली घाण लागलेली थोडी माती टाकली, म्हणजे ओळखीचा वास तिथे आला. मग काकूंच्या वाफ्यात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी मातीच्या पातळ थराखाली अंथरली. रोपं त्यातून वर येतात, मांजराला उकरता येत नाही. मोकळ्या जागी जाड खडी पसरली. जेवण झाल्यावर मांजरांना बहुधा जावं लागतं, म्हणून खाऊ घातलं की बोक्याला मी त्या कोपऱ्यात नेऊन सोडायचो. पहिले चार दिवस काहीच झालं नाही. पूर्ण सवय लागायला तीन आठवडे गेले. दर दोन दिवसांनी नवा उपाय करणाऱ्यांना हे जमत नाही, कारण मांजराला कुठल्याच जागेची सवय लागत नाही.

मांजराच्या शी-शूसाठी घरात ठेवतात त्या ट्रेबद्दलही बोलायला हवं. तीन मांजरं, एक ट्रे, तोही धडधडणाऱ्या वॉशिंग मशीनशेजारी, आणि आत सुगंधी लिटर, म्हणजे ट्रेत पसरतात ते दाणेदार मिश्रण! मग मांजर बाहेर जाणारच. जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त, लिटर बिनवासाचं, दोन-तीन इंच जाडीचं, आणि ट्रे खाण्यापिण्यापासून लांब. घाण रोज काढा. लिटरचा प्रकार एकदम बदलू नका, जुन्यात थोडं थोडं मिसळत न्या.

ओरडून, मारून काही होत नाही. मांजर फक्त तुमच्यापासून लपायला शिकतं.

फरशीवरची मूत अमोनियाच्या क्लीनरने पुसू नका, त्याचा वास मुतासारखाच येतो. ब्लीचही नको. मुतातल्या अमोनियाशी मिसळून त्याचा विषारी वायू होतो. एन्झाइमवालं क्लीनर वापरा.

उभं राहून, शेपटी थरथरवत भिंतीवर फवारा मारत असेल तर ती हद्द आखणी आहे. तिथे वाळूचा खड्डा कामाचा नाही, नसबंदी करून घ्या.

बोका सारखा जोर करतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर सवयीचा विचार बाजूला ठेवून त्याला लगेच डॉक्टरकडे न्या. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

आणि नवी सवय लागेपर्यंत शेजारची घाण आपणच रोज जाऊन काढावी. काकूंना वाकायला लावू नये. हातमोजे घाला. मांजराच्या विष्ठेत टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी असू शकतो. तो बाहेर पडल्यावर 1 ते 5 दिवसांनी संसर्गक्षम होतो आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतो. गरोदर बाईने या कामाला हात लावू नये, आणि त्या वाफ्यातली पालेभाजी वाहत्या पाण्याखाली नीट धुवूनच घ्यायला काकूंना सांगा.