थांबल्यानंतरचं एक मिनिट मोजायचं कसं?

शिवाजी पार्कला सकाळी चालणारे आपण बहुतेकजण फेऱ्या मोजतो आणि थांबलो की लगेच फोन काढतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, ते पहिलं मिनिट फोनला देऊ नका. त्या मिनिटात नाडी किती उतरते, यावरून हृदयाचा ब्रेक कसा लागतो ते कळतं.

हा ब्रेक म्हणजे व्हेगस नर्व्ह, आपोआप काम करणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेतली परानुकंपी, म्हणजे शांत करणारी बाजू. तिचा आणि ठोके वाढवणाऱ्या अनुकंपी बाजूचा, दोघींचाही ताबा नसता तर बसल्या जागीही मिनिटाला साधारण १०० ठोके पडले असते. ते ७० च्या आसपास राहतात ते व्हेगसमुळे. भरभर चालताना हा ब्रेक सुटतो, थांबल्यावर काही सेकंदांतच पुन्हा लागू लागतो. ठोके वाढवणाऱ्या अॅड्रेनलिन या संप्रेरकाचा जोर मात्र सावकाश उतरतो. म्हणून पहिलंच मिनिट महत्त्वाचं.

आदल्या दिवशी घरी नाडी शोधायचा सराव करा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटं ठेवा. अंगठ्याने चाचपू नका, त्याची स्वतःची नाडी जाणवते.

दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं हळू चाला, मग दहा-पंधरा मिनिटं इतकं भरभर की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. वेग कमी करताक्षणी १० सेकंद ठोके मोजा, सहाने गुणा. रमतगमत चालत राहा. एकदम खिळून उभं राहिलं तर चक्कर येऊ शकते. मिनिट झालं की पुन्हा १० सेकंद मोजा. आधी २४ आणि नंतर २० ठोके आले, तर १४४ वरून १२०, म्हणजे उतार २४ चा. एक ठोका चुकला तरी सहाचा फरक पडतो, तेव्हा एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नका.

१९९९ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिक या रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २,४२८ जणांच्या ट्रेडमिल टेस्ट अभ्यासल्या. हळू चालत असताना पहिल्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमी उतार असलेल्यांमध्ये पुढच्या सहा वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. पण ती दमेपर्यंतची, डॉक्टरांसमोरची टेस्ट होती. आपल्या फेरीला तो आकडा तसाच लावून घाबरू नका. बसून किंवा आडवं होऊन मोजलं तर उतार जास्त दिसतो, त्यामुळे दर वेळी पद्धत एकच ठेवा.

आपल्या मुंबईत हवाही आकडा बिघडवते. ऑक्टोबरच्या दमटपणात घाम वाळत नाही, अंगातलं पाणी कमी होतं आणि नाडी चढलेलीच राहते. अपुरी झोप किंवा नुकताच आलेला ताप हेही कारण असतं. आठवड्यातून दोनदा, त्याच वेळी मोजून वहीत लिहा; दोन-तीन महिन्यांचा कल बघा. नियमित चालणाऱ्यांचा उतार बहुधा सुधारतो.

छातीत दुखलं, दाटून आलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मोजत बसू नका, तडक डॉक्टरांकडे जा. हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. बीटा ब्लॉकरच्या गोळ्यांनी नाडी मुळातच कमी चढते. आकडा चांगला यावा म्हणून गोळी मात्र कधीही चुकवू नका.