टिमोथी गवताची लागवड: या चुका टाळा

टिमोथी हे थंड, ओलसर हवामानातील बहुवर्षायू कुरणगवत आहे आणि घोड्यांसाठी त्याचा वाळलेला चारा विशेष पसंत केला जातो. मात्र मोठ्या अपेक्षेने पेरलेले टिमोथी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच विरळ झाले, ही तक्रारही वारंवार ऐकू येते. अशा वेळी दोष बियाण्याला दिला जातो. माझ्या मते तो बहुधा कापणीचा असतो. ठोंबाच्या बुडाशी बोटांनी माती बाजूला केली, तर प्रत्येक काडीच्या तळाशी लहान कांद्यासारखी फुगीर गाठ दिसते. गवताचा अन्नसाठा या गाठीत असतो आणि कापणीनंतर येणारे नवे फुटवे सुरुवातीला त्याच साठ्यावर वाढतात.

काडीची पेरे लांबू लागली, पण ओंबी अजून बाहेर पडलेली नाही, अशा अवस्थेत कापणी करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. त्या वेळी साठा वाढीसाठी खर्च झालेला असतो, गाठ पुरेशी भरलेली नसते आणि बुडाचे नवे कोंब तयार नसतात. त्यामुळे कापलेला ठोंब आठवडेच्या आठवडे तसाच बसून राहतो आणि मोकळ्या जागेत तण शिरते. उलट, दाणे भरेपर्यंत थांबल्यास ठोंब सुखरूप राहतो, परंतु काड्या राठ होऊन चाऱ्याचा कस उतरतो. गवत निसवू लागताच, म्हणजे ओंबी बाहेर पडू लागताच, कापणे हा दोन्ही बाजू सांभाळणारा मध्यम मार्ग होय.

हा अंदाज चुकण्यामागे एक सहज न दिसणारे कारणही असते. कुरणात मेडो फॉक्सटेल हे टिमोथीसारखेच लांबट, गोल ओंबीचे गवत मिसळलेले असेल, तर ते कित्येक आठवडे आधी निसवते आणि त्यालाच टिमोथी समजून सगळे कुरण अवेळी कापले जाते. ओंबी चिमटीत धरून पाहावी. फॉक्सटेलची ओंबी मऊ, रेशमी लागते. टिमोथीची खरखरीत असते आणि भिंगातून पाहिल्यास तिच्या प्रत्येक कणिशकावर (ओंबीतील लहान फुलांच्या घटकावर) दोन आखूड शिंगे दिसतात.

कापणीची उंचीही तितकीच महत्त्वाची आहे. यंत्राचे पाते जमिनीलगत ठेवल्याने चारा थोडा अधिक मिळतो, पण गाठी उघड्या पडतात किंवा छाटल्या जातात. म्हणून ८ ते १० सेंटिमीटर बुडखा राखावा. जनावरे सतत एकाच जागी चरत राहिली, तरी हेच नुकसान होते. कुरणाचे भाग पाडून आळीपाळीने चारावे आणि प्रत्येक भागाला पुन्हा वाढण्यास पुरेसा अवधी द्यावा.

पेरणीतील चूक मुख्यतः खोलीची असते. एका ग्रॅममध्ये सुमारे २,५०० दाणे बसतात, म्हणजे हेक्टरी १० किलो बियाण्यातून दर चौरस मीटरला जवळपास तेवढेच दाणे पडतात. तरीही उगवण विरळ झाली, तर दर वाढवण्याआधी बी किती खोल गेले ते पाहावे. एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेलेल्या इतक्या बारीक दाण्याला वर येणे अवघड जाते. भुसभुशीत मातीत बी नकळत खोल जाते, म्हणून पेरणीपूर्वी आणि नंतर रोलर फिरवून जमीन दाबून घ्यावी.

टिमोथीची मुळे उथळ असल्याने वाळूसट, लवकर कोरडी पडणारी जमीन आणि दीर्घ उन्हाळा त्याला मानवत नाही. तेथे अधिक खत घालून उपयोग होत नाही, गवताची निवडच बदलावी. जमीन फार आम्लधर्मी असल्यास आधी चुना द्यावा. सामू (पीएच) ६ ते ६.५ असणे चांगले. लाल क्लोव्हर या द्विदल चारापिकासोबत मिश्र पेरणी केली असेल, तर नत्राचा हात आखडता ठेवावा, कारण जादा नत्राने क्लोव्हर मागे पडतो.

चारा वाळवताना पाने आधी कुरकुरीत होतात, काड्या मात्र आतून ओल्या राहतात. त्यामुळे केवळ पानांवरून अंदाज न बांधता काडी पिळून पाहावी. ओलावा १५ ते १८ टक्क्यांच्या खाली येण्यापूर्वी गाठोडी बांधल्यास चारा आतून तापतो, त्याला बुरशी लागते आणि असा चारा घोड्यांना मुळीच घालू नये.